जुन्या जिओफोनवर (कायओएस) ई-मेल कसा सुरू करायचा? कमी खर्चाचा उपाय हवाय

नीराकाठ

मंडळी, गावी बाबांकडे जुना जिओफोन आहे. बटणांचा, कायओएसवाला (ही त्या फोनची ऑपरेटिंग सिस्टिम), जिओफोन नेक्स्ट नव्हे. त्यांना स्मार्टफोन नको आहे, त्यामुळे "स्मार्टफोनच घेऊन द्या" हा सल्ला कृपया बाजूला ठेवा. त्या फोनवरचं व्हॉट्सॲप गेलं, तेव्हा आता ई-मेल तरी नीट बसवावा म्हणतोय.

गरज मोठी नाही. महावितरणचं 'गो ग्रीन' करायचंय, म्हणजे कागदी बिल बंद होऊन बिल ई-मेलवर येईल आणि प्रत्येक बिलामागे १० रुपये सूट मिळेल. विम्याच्या पावत्या, आणि आम्हा भावंडांकडून अधूनमधून लांब मजकूर. दिवसाला फार तर चार-पाच मेल.

जीमेलचा नवा पत्ता काढला. माझ्या फोनवर त्याचा पासवर्ड चालतो, पण जिओफोनच्या ई-मेल ॲपमध्ये तोच टाकला की 'पासवर्ड चुकीचा' येतं. आठ-दहा वेळा करून पाहिलं.

दुसरा प्रश्न : काकांचा फोन याहून साधा आहे. २जी, त्यात इंटरनेटच नाही. त्यांना निदान 'अमुक मेल आला' एवढं कळण्याची काही सोय होते का?

---

बिनतारी

पासवर्ड शंभर वेळा बरोबर टाकलात तरी तो चुकीचाच म्हणणार. नुसतं नाव आणि नेहमीचा पासवर्ड घेऊन बाहेरच्या मेल ॲपला आत सोडणं जीमेलने खासगी खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून थांबवलंय. अशा ॲपसाठी वेगळा 'ॲप पासवर्ड' काढावा लागतो. यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ 'लेस सिक्युअर ॲप्स चालू करा' म्हणतात, तो पर्यायच आता उरलेला नाही. शोधत बसू नका.

आधीचं काम तुमच्या स्मार्टफोनवर किंवा कंप्युटरवर करा. बाबांच्या नव्या खात्यात शिरून सिक्युरिटीमध्ये 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' चालू करा. नंबर बाबांचाच द्या, ओटीपी साध्या एसएमएसने येतो. ते चालू झाल्याशिवाय ॲप पासवर्डचं पान दिसतच नाही आणि निम्मी मंडळी इथेच अडकतात. मग गूगल खात्याच्या शोधपट्टीत 'ॲप पासवर्ड्स' शोधा, नाव काहीही द्या ('बाबा जिओफोन'), आणि तयार झालेली १६ अक्षरं कागदावर उतरवून घ्या. चार-चार अक्षरांचे गट दिसतात, पण मधल्या जागा फक्त वाचायला सोपं जावं म्हणून. फोनवर सलग टाकायची. खिडकी बंद केली की ती अक्षरं पुन्हा दिसत नाहीत. हरवली तर जुना ॲप पासवर्ड रद्द करून नवा काढायचा, पैसे पडत नाहीत.

त्याच बैठकीत 'बॅकअप कोड'ही काढा. आठ-आठ अंकी दहा कोड मिळतात, एक कोड एकदाच चालतो. छापून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. बाबांचं सिम हरवलं तर खात्याचं दार उघडायला तेच कामाला येतात.

आता जिओफोन. ई-मेल ॲप उघडा, नाव आणि पत्ता टाका, पण 'नेक्स्ट' दाबू नका. 'अ‍ॅडव्हान्स्ड' निवडा. पत्ता जीमेलचा आहे हे ओळखून काही फोन थेट गूगलचं लॉगिन पान उघडतात आणि तिथे 'हा ब्राउझर सुरक्षित नाही' म्हणून गाडी अडते. हाताने सेटिंग भरलं की तो फाटाच टळतो. खातं 'आयमॅप + एसएमटीपी' या प्रकारचं (आयमॅप मेल आणतं, एसएमटीपी पाठवतं). मग :

येणारी मेल : सर्व्हर 'आयमॅप डॉट जीमेल डॉट कॉम', पोर्ट ९९३, सुरक्षा एसएसएल.
जाणारी मेल : सर्व्हर 'एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम', पोर्ट ४६५, सुरक्षा एसएसएल.
दोन्हीकडे युजरनेम म्हणजे पूर्ण ई-मेल पत्ता, दोन्हीकडे पासवर्ड म्हणजे ती १६ अक्षरं. सर्व्हरची नावं अर्थात इंग्रजीत, सगळी लहान लिपीत, शब्दांमध्ये जागा न सोडता.

पोर्ट ५८७ घेतलंत तर सुरक्षा 'स्टार्टटीएलएस' हवी. ४६५ ला स्टार्टटीएलएस किंवा ५८७ ला एसएसएल अशी अदलाबदल झाली की फोन नुसता गोल फिरत राहतो, आणि चूक काय ते सांगतही नाही.

खरी परीक्षा त्या १६ अक्षरांची. ती सगळी लहान लिपीतली असतात, आणि कीपॅड पहिलं अक्षर आपसूक मोठं करू शकतो. म्हणून सुरुवातीलाच # दाबून लिपी लहान करून घ्या. दुसरी भानगड एकाच बटणावरच्या लागोपाठ अक्षरांची. समजा पासवर्डात 'एन' आणि त्यापाठोपाठ 'ओ' आहे. दोन्ही ६ च्या बटणावर. ६ दोनदा दाबा, कर्सर पुढे सरकेपर्यंत थांबा, मग ६ तीनदा. न थांबता पाचही वेळा दाबलंत तर भलतंच अक्षर उमटतं, आणि पुढच्या क्षणी त्यावर टिंब पडत असल्याने चूक दिसतही नाही. मी सांगेन, आधी नव्या एसएमएसच्या चौकटीत ती अक्षरं एकदा टाकून सराव करा. तिथे ती उघडी दिसतात. सराव झाला की तो मसुदा पुसा.

---

नीराकाठ

दंडवत घ्या. लहान-मोठ्या लिपीचाच घोळ होता. मेल यायला लागले.

पण दोन अडचणी आहेत. बाबांनी उत्तर लिहिलं की ते 'आउटबॉक्स'मध्येच पडून राहतं. आणि इनबॉक्समध्ये जाहिरातींचा नुसता उकिरडा. माझ्या फोनवर याच खात्यात त्या जाहिराती 'प्रमोशन्स'मध्ये बाजूला दिसतात, इथे सगळं एकत्र का?

---

कळफलक

येतंय पण जात नाही, याचा अर्थ आयमॅपचा पासवर्ड बरोबर आणि एसएमटीपीचा चुकीचा किंवा रिकामा. या ॲपमध्ये दोन्हींची खाती वेगळी भरावी लागतात; वरचं भरलं म्हणून खालचं आपोआप येत नाही. दुरुस्त करत बसण्यापेक्षा खातं काढून टाकून पुन्हा जोडा. मेल सर्व्हरवर आहेत, काही जाणार नाही. जोडताना 'सेंट फ्रॉम…' ही सहीची ओळही काढा, प्रत्येक उत्तराखाली उगाच चिकटते.

जाहिरातींबद्दल. 'प्रमोशन्स', 'सोशल' हे कप्पे फक्त जीमेलच्या स्वतःच्या ॲपमध्ये आणि वेबवर दिसतात. आयमॅपला त्यांचा पत्ता नसतो, त्याच्या लेखी ते सगळं इनबॉक्सच. त्यामुळे चाळण फोनवर नाही, सर्व्हरवर लावायची. माझ्या मते या सगळ्या उद्योगातलं महत्त्वाचं काम हेच, आणि नेमकं हेच लोक करत नाहीत. ५१२ एमबी रॅमच्या फोनला हजार मेलांचा इनबॉक्स दाखवणं म्हणजे सायकलच्या कॅरिअरवर उसाची मोळी लादणं.

कंप्युटरवरून बाबांच्या जीमेलमध्ये जा :

सेटिंग्जमधल्या 'फॉरवर्डिंग अँड पॉप/आयमॅप' पानावर फोल्डरमधल्या मेलांची मर्यादा घालता येते. ती १,००० वर आणा, त्याहून खाली जात नाही. आयमॅप चालू-बंद करायचं बटण तिथे शोधू नका. खासगी खात्यांत आयमॅप जानेवारी २०२५ पासून कायम चालूच असतं.

'लेबल्स' पानावर 'ऑल मेल'समोरची 'शो इन आयमॅप' ही खूण काढा. नाहीतर फोनला प्रत्येक मेल दोन ठिकाणी दिसतो.

मग फिल्टर. शोधपट्टीत 'कॅटेगरी' प्रमोशन्स निवडून फिल्टर तयार करा आणि 'स्किप द इनबॉक्स'वर खूण करा. सोशलसाठी तसाच दुसरा. याहून कडक हवं असेल तर उलटं करा : तुम्हा भावंडांचे पत्ते, वीजबिल आणि विमा एवढे पाठवणारे सोडून बाकी सगळ्यांना 'स्किप द इनबॉक्स'. मेल पुसले जात नाहीत, 'ऑल मेल'मध्ये राहतात, आणि सहा महिन्यांनी एखादी पावती लागलीच तर तुमच्या फोनवरून शोधता येते.

फोनवर 'सिंक' किती दिवसांचं ते एक आठवडा ठेवा. मेल किती वेळाने तपासायचा तिथे 'मॅन्युअली'. दर पंधरा मिनिटांनी तपासायला लावलंत तर दिवसाला ९६ वेळा जोडणी होते. एका जोडणीला, नवा मेल नसला तरी, ढोबळ ८ केबी धरा. महिन्याचे २३ एमबी होतात. डेटाच्या हिशेबात ते काहीच नाही, पण बॅटरीला भारी पडतं, कारण दर वेळी फोनचा रेडिओ जागा होतो. बाबा सकाळ-संध्याकाळ स्वतः ताजं करून पाहतील तर बॅटरीवर फरक जाणवणार नाही.

बाहेरची चित्रं दाखवायची का असं ॲप विचारतं. 'नाही'च म्हणायचं.

---

तिठ्यावरचा

कळफलक यांच्याशी सहमत, एक वगळता. एवढी चाळण लावण्यापेक्षा आयमॅपऐवजी 'पॉप' ही मेल आणायची दुसरी पद्धत का नको? मेल फोनवर उतरतो, नेट नसलं तरी वाचता येतो.

---

कळफलक

पॉप अख्खा मेल उतरवायला बघतो, जोडलेल्या फाइलीसकट. आयमॅप आधी नुसते मथळे आणतो आणि मेल उघडला की मजकूर. गावात रेंज अर्ध्या कांडीवर असताना हा फरक कळतो. जोडलेली फाइल पाठवताना तिचं बेस-६४ मध्ये (म्हणजे साध्या अक्षरांत) रूपांतर होतं आणि आकार एक तृतीयांशाने फुगतो : ३ एमबीची पीडीएफ वाटेत ४ एमबी होते. १०० केबीपीएस वेग मिळाला तर तिला पाच मिनिटं वीस सेकंद लागतात. मध्ये एकदा तुटलं की पहिल्यापासून.

शिवाय एका साधनाने पॉपने मेल नेला की तोच मेल जीमेल दुसऱ्या साधनाला पॉपने सहसा देत नाही. त्यावर युजरनेमच्या आधी 'रीसेंट' (इंग्रजीत) आणि अपूर्णविराम (:) लावायची युक्ती आहे, म्हणजे गेल्या ३० दिवसांचे मेल सगळ्यांना मिळतात. पण ही डोकेदुखी हवीच कशाला?

---

बिनतारी

एक राहिलं. चालू असलेला ई-मेल एखाद दिवशी अचानक 'सुरक्षित जोडणी होत नाही' म्हणायला लागला, तर सगळ्यात आधी फोनची तारीख बघा. बॅटरी काढून घातली, रेंज नसताना फोन चालू झाला, की तारीख काही वर्षं मागे जाऊ शकते. मग सर्व्हरचं प्रमाणपत्र फोनला 'अजून लागू न झालेलं' दिसतं आणि तो जोडणी नाकारतो. सेटिंग्जमध्ये तारीख-वेळ 'ऑटो' ठेवा. तारीख बरोबर असूनही बिघडलं, तर घरात कुणी गूगलचा मुख्य पासवर्ड बदललाय का विचारा. तो बदलला की सगळे ॲप पासवर्ड रद्द होतात, नवा काढावा लागतो.

आणि ज्यांच्याकडे जुना आउटलुकचा किंवा हॉटमेलचा पत्ता आहे त्यांनी या वाटेला जाऊ नये. मायक्रोसॉफ्टने खासगी खात्यांसाठी नाव-पासवर्डाची पद्धत १६ सप्टेंबर २०२४ पासून बंद केली, ॲप पासवर्डही चालत नाही. याहूवर ॲप पासवर्ड मिळतो.

जावावाले जुने नोकिया घेऊन हाच प्रयोग करू पाहणाऱ्यांनाही सांगतो : नाद सोडा. त्यांना जोडणी सुरक्षित करणाऱ्या टीएलएसची नवी आवृत्ती समजत नाही, आतली मूळ प्रमाणपत्रं कालबाह्य झालीत. पूर्वी ऑपेरा मिनीतून जीमेलचं साधं एचटीएमएल पान उघडायचं, तेही २०२४ च्या सुरुवातीला बंद झालं. आणि ऑपेरा मिनीत पान आधी त्यांच्या सर्व्हरवर उलगडतं, तेव्हा महत्त्वाचा पासवर्ड तिथे टाकणं तसंही शहाणपणाचं नव्हतं.

---

रानतार

काकांच्या २जी फोनचं बघू. तिथे ई-मेल चालणार नाही, पण एसएमएस चालतो. घरातला कुठलाही जुना अँड्रॉइड फोन मधला निरोप्या म्हणून बसवता येतो. स्क्रीन फुटलेला चालेल, स्पर्श कळला म्हणजे झालं.

लागतं काय : वाय-फाय, एक सिम (ज्याच्या पॅकमध्ये रोजचे १०० एसएमएस आहेत असं, घरातलं कुणाचं जास्तीचं असेल तर तेच), आणि मॅक्रोड्रॉइड हे ॲप. मॅक्रो म्हणजे 'हे घडलं (ट्रिगर) की ते कर (ॲक्शन)' असा नेमून दिलेला आदेश. फुकट आवृत्तीत पाच मॅक्रो मिळतात, आपल्याला एक पुरतो.

त्या फोनवर काकांचं जीमेल खातं जोडा. मॅक्रोत ट्रिगर : 'नोटिफिकेशन रिसीव्ह्ड', ॲप जीमेल. ॲक्शन : 'सेंड एसएमएस', काकांचा नंबर, आणि मजकुरात नोटिफिकेशनचं शीर्षक व मजकूर यांची तयार चलं घाला. शीर्षकात पाठवणाऱ्याचं नाव येतं, मजकुरात विषय. काकांना 'अमुककडून : वीजबिल…' असा एसएमएस जातो. एवढंच.

आता हे बिघडतं कुठे. एक, तीन मेल एकदम आले की जीमेल त्यांची एकच सूचना करतं आणि काकांना 'तीन नवे मेल' एवढाच निरोप जातो. जीमेल ॲपच्या सेटिंगमध्ये इनबॉक्सच्या लेबल नोटिफिकेशनमध्ये 'नोटिफाय फॉर एव्हरी मेसेज' चालू करा. दोन, अँड्रॉइड रात्रीतून मॅक्रोड्रॉइडला झोपवतं. बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्याला 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. स्वस्तातल्या अनेक फोनांत 'ऑटो-स्टार्ट' नावाचा आणखी एक खटका असतो, तोही चालू हवा. तीन, अर्ध्या तासात ३० हून जास्त एसएमएस गेले की अँड्रॉइड परवानगीची खिडकी उघडून थांबून राहतं. वर कळफलक यांनी सांगितलेली चाळण काकांच्या खात्यालाही लावली की ही वेळ येत नाही.

एसएमएसची लांबी बघा. इंग्रजी लिपीत एका एसएमएसला १६० अक्षरं मिळतात, देवनागरीत ७०, आणि त्यात काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. मजकुरात एक जरी देवनागरी अक्षर असलं तरी अख्ख्या एसएमएसला ७० चा नियम लागतो. लांबला तर तुकडे पडतात, एका तुकड्याला ६७, आणि जुने फोन ते उलटसुलट क्रमाने दाखवू शकतात. काकांचा फोन देवनागरी दाखवतो का ते आधी एक मराठी एसएमएस पाठवून बघा. चौकोन दिसले तर पाठवणाऱ्यांनी विषयाची ओळ रोमन लिपीत लिहावी, दुसरा इलाज नाही.

फोन कायम चार्जरला टांगून ठेवू नका. बॅटरी फुगते. दिवसातून दोन तास चार्ज पुरे. आणि त्या खात्यावर बँकेचं काही येत असेल तर ते या मॅक्रोतून वगळा. ओटीपी असलेले मेल एसएमएसने इकडून तिकडे फिरवणं धोक्याचं.

---

तिठ्यावरचा

पीडीएफचं कुणी बोललंच नाही. नीराकाठ, तुमचा मुख्य हेतू वीजबिल आहे आणि नेमकी बिलाची पीडीएफ जिओफोनवर उघडेलच असं धरून चालू नका. उघडली तरी २.४ इंचाच्या पडद्यावर ए-४ पान वाचायचं म्हणजे डोळे फोडून घेणं.

बाबांना लागणार रक्कम आणि शेवटची तारीख. तेवढं महावितरणच्या एसएमएसमध्येही येतं, फक्त ग्राहक क्रमांकाला त्यांचाच मोबाइल जोडलेला आहे का ते बघा. 'गो ग्रीन'ची नोंद करताना छापील बिलावरचा जीजीएन क्रमांक लागतो, तेव्हा शेवटचं कागदी बिल टाकून देऊ नका.

कागद हवाच असेल तर मेल उघडायचा, 'फॉरवर्ड' करायचा आणि गावातल्या आपले सरकार सेवा केंद्राच्या किंवा झेरॉक्सवाल्याच्या पत्त्यावर पाठवायचा, तो छापून देतो. आयमॅपमध्ये तिढा एवढाच की काही फोन फॉरवर्ड करताना जोडलेली फाइल सोबत नेत नाहीत. एकदा तुमच्याच पत्त्यावर पाठवून खात्री करा. जात नसेल तर सर्व्हरवर फिल्टर लावून महावितरणचा मेल थेट तुमच्याकडे 'फॉरवर्ड' होईल असं करा. आधी तुमचा पत्ता 'फॉरवर्डिंग'मध्ये जोडावा लागतो, त्यावर पडताळणीचा कोड येतो. आधार किंवा बँकेच्या पीडीएफला पासवर्ड असतो, त्या मात्र झेरॉक्सच्या दुकानात पाठवू नका.

---

नीराकाठ

एसएमटीपीत पासवर्ड रिकामाच होता, आता मेल जातात. फॉरवर्ड करून पाहिलं, जोडलेली फाइल सोबत गेली नाही, म्हणून फिल्टरचा मार्ग घेतलाय. रानतार, काकांचा फोन देवनागरी दाखवतो. सत्तर अक्षरांत जोडाक्षर एक धरायचं की दोन?

---

रानतार

तीन. 'क्ष' म्हणजे क, पाय मोडण्याची खूण आणि ष, अशी तीन अक्षरं मोजली जातात. 'महावितरण' या शब्दाची सात होतात : म, ह, काना, व, वेलांटी, त, र, ण… म्हणजे आठ, बघा, मीही चुकलो. ढोबळमानाने एका एसएमएसमध्ये दहा-बारा मराठी शब्द बसतात. विषय तेवढ्यात बसवा.